आमची वाटचाल: जेकार्डचं सॉफ्टवेअर आणि एक खटला

सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रावर उतरते. जुन्या पद्धतीत डिझाइन चौकटीच्या कागदावर रंगवायचं आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एक भोक चुकलं की मोराची मान तुटते आणि पुढच्या प्रत्येक चादरीत ती तुटलेलीच येते. ही चूक कार्ड पाडण्याआधी पडद्यावर दिसावी, म्हणून आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कारखानदारांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “आमच्या कार्डवाल्याला हे जमेल का?” आम्ही त्या कार्डवाल्यांनाच शिकवलं. नक्षीची खरी जाण त्यांनाच होती.

जम बसत होता, तेवढ्यात माझ्या आधीच्या नोकरीतल्या कंपनीने तक्रार केली की मी त्यांचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर चोरला. कॉपीराइट कायदा १९५७चं कलम ६३ लागलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आमचा कोड पहिल्या ओळीपासून आम्हीच लिहिलेला. कायदा लिहिलेल्या कोडला संरक्षण देतो, त्यामागच्या कल्पनेला नाही; रंगलेली चौकट म्हणजे भोक, यावर कुणाची मालकी असणार? पण हे कोर्टात सांगायचं, आणि कोर्टाच्या आधी जप्ती येते.

पंचनामा झाला. हार्ड डिस्क काढून पाकिटांत घातल्या, लाखेचं सील लागलं, पंचांनी सह्या केल्या. त्या डिस्कवर गिऱ्हाइकांची डिझाइनं होती, जीएसटीची बिलं होती, पोरांच्या पगाराचा हिशेब होता. एका कारखानदाराची टॉवेलची ऑर्डर त्यात अडकली. आरोप सिद्ध व्हायच्या आधीच लहान उद्योजकाचा धंदा बंद पडतो, हा अन्याय आहे असं मी आजही ठामपणे म्हणतो.

आमच्या वकीलबाईंनी सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००२चा निकाल पुढे केला: जप्त मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त काळ पोलीस ठाण्यात पडून राहू नये. संगणक सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा हमीवर सुटले. गुन्हा रद्द करून घ्यायला मात्र मुंबई गाठावी लागली. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी हायकोर्ट, पुढची तारीख घेऊन परत तीच गाडी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आला. आपल्या भागातल्या पक्षकारांची ही फरफट कमी होईल, याचा मला मनापासून आनंद आहे.

तज्ज्ञाने दोन्ही कोड समोरासमोर ठेवले, साम्य निघालं नाही, गुन्हा रद्द झाला. त्या काळात ज्यांची ऑर्डर अडकली होती, त्याच कारखानदाराने पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. म्हणाले, “पोरांचे पगार थांबवू नका.” ते पैसे आम्ही कामातून फेडले.

आता कोडच्या प्रत्येक आवृत्तीची तारखेसकट एक प्रत ऑफिसबाहेर असते, आणि गिऱ्हाइकाचं डिझाइन त्याच दिवशी त्याच्याकडेही जातं. सध्या इलेक्ट्रॉनिक, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांशिवाय चालणाऱ्या जेकार्डसाठी टेरी टॉवेलच्या किनारीचं काम चालू आहे. चाचणीचा माग त्याच कारखानदाराने दिलाय.