बी.एस्सी.चं पहिलं वर्ष आणि माझी धडधड

बारावीपर्यंत वर्गात मी स्वतःहून कधी हात वर केल्याचं आठवत नाही. हजेरी घेताना आपला नंबर जवळ आला की घशाला कोरड पडायची, आणि म्हणायचं असायचं फक्त 'प्रेझेंट सर'. त्यात गाव गगनबावडा तालुक्यातलं, वाडीवर मोजकी घरं. असा मी कोल्हापूरला बी.एस्सी.ला आलो. वर्गात शंभरावर पोरं, त्यात ओळखीचं एक नाही.

'आत्मविश्वास वाढव' म्हणणारे मामा-काका भरपूर होते. कसा, ते त्यांनाही माहीत नसावं. माझी भीती तशी फार साधी होती. कुठं काय विचारायचं, हेच ठाऊक नसायचं, आणि विचारलं तर लोक हसतील असं वाटायचं.

प्रवेशाच्या वेळेलाच त्याची चुणूक मिळाली. दाखला, मार्कलिस्ट, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन रांगेत उभा होतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळं मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा विषय) असली नावं कानावर आदळत होती. त्यावर क्रेडिट, म्हणजे विषयांचे श्रेयांक, जमा व्हायला एबीसी आयडी काढायचा, शिष्यवृत्तीला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा अर्ज. खिडकीतल्या मॅडमनी विचारलं, "ओपन इलेक्टिव्ह कुठलं?" मी गप्प. मागची रांग चुळबुळायला लागली. तेवढ्यात पाठीमागचा कागलचा पोरगा पुढं वाकून म्हणाला, "ह्याचं बी माझंच लिवा मॅडम." अशा रीतीनं मला बँक-व्यवहारांचा पेपर मिळाला आणि एक मित्रही. दोन्ही अजून टिकून आहेत.

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, म्हणून निदान खोली तरी चुकायची नाही. दोघांनी मिळून घेतली. पहिले काही दिवस मी फक्त शनिवारची वाट बघायचो. शनिवारी दुपारी बस धरायची, रात्री घरात. पण जुलै-ऑगस्टच्या पावसानं तेही बंद केलं. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली गेला की आमच्याकडची एसटी थांबते, मग पूर ओसरेपर्यंत विषय संपला. इकडं जो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसलेला. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. घरचा फोन लागेना, कॉलेजला सुट्टी आणि मी खोलीत अडकलेला.

आता वाटतं, ते बरंच झालं. रस्ता चालू असता तर मी दर शनिवारी पळालो असतो आणि कोल्हापूर माझ्यासाठी सोमवार ते शुक्रवारची शिक्षाच राहिलं असतं. अडकलो म्हणून कागलच्यासोबत पंचगंगेचं पाणी बघायला गेलो, मेसच्या मावशींशी बोलायला लागलो. रस्सा कमी तिखट मिळेल का, हे विचारायलाच आधी किती वेळ लागला! मावशी म्हणाल्या, "गगनबावड्याचा हाईस आन् तिखट सोसत न्हाई व्हय?" सगळी मेस हसली. मीही हसलो, आणि काही बिघडलं नाही.

पूर ओसरल्यावर आईनं एसटीतून डबा पाठवायला सुरुवात केली. कंडक्टरकडं द्यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचा. नाचणीच्या भाकरी, लसणाची चटणी, कधी सुकट. भाकरी तोवर वातड झालेली असायची, तरी कागलचा माझ्या आधी डब्यावर तुटून पडायचा. त्याच्या घरनं दूध-तूप यायचं, हिशोब बरोबर व्हायचा.

अभ्यासातली गाठ सुटली ती मात्र लॅबमध्ये. बारावीची प्रॅक्टिकलं आमच्याकडं बरीचशी जर्नलमध्येच झाली होती, हातात ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली तोटीची काचनळी, क्वचित आलेली. इथं पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून प्रमाण काढणं, स्वतः करायचं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये सौम्य सल्फ्युरिक घालायचं, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, मग वरून जांभळं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पहिले थेंब पडले, पण रंग जाता जाईना. वाटलं, बिघडलं. फ्लास्क हलवत राहिलो. हळूहळू रंग उडाला आणि पुढचे थेंब पडले की लगेच रंगहीन व्हायला लागले. शेवटी एका थेंबानं आलेला फिकट गुलाबी रंग टिकला.

तोंडी परीक्षेला सरांनी नेमकं तेच विचारलं, "सुरुवातीला रंग जायला वेळ का लागतो?" पुस्तकातली व्याख्या विचारली असती तर माझी बोबडी वळली असती. पण हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणालो, "सर, अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच पुढं उत्प्रेरक होतात. आधी ते नसतात, म्हणून उशीर." सरांनी पुढचा प्रश्न टाकला, "आणि ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेवरून का घेतलंस?" द्रावण गडद असतं, खालची वक्र कड दिसत नाही. तेही सांगितलं. तळहात घामानं ओले होते, पण आवाज फाटला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्या सेमिस्टरच्या आधी रात्री झोप उडाली, छातीवर दडपण. वसतिगृहातल्या एका सिनिअरनं 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. लाजत लाजत फोन केला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, झोप आणि जेवणाचं विचारलं आणि परीक्षेच्या दिवसाचा आराखडा माझ्याकडूनच बोलून घेतला. घरी अजून सांगितलेलं नाही, उगाच त्यांची झोप उडायची.

एक गोष्ट मी माझ्यापुरती ठरवली. नवीन ठिकाणी आधी बोलायचं नाही, आधी हाताला काम शोधायचं. स्नेहसंमेलनात मी खुर्च्या लावणाऱ्यांत होतो, भाषण करणाऱ्यांत नव्हतो. ओळखी त्यातूनच झाल्या. दुसऱ्या कुणाला हे लागू पडेलच असं नाही. कागलच्याला तर गप्प बसायची शिक्षा केली तरच घाम फुटेल.

पुढच्या महिन्यात वर्गासमोर सेमिनार आहे. विषय घेतलाय टायट्रेशनचाच. दहा मिनिटं बोलायचं आहे, त्यातली पहिली दोन फळ्यावर ब्युरेट काढण्यात घालवायचा बेत आहे. कागलचा म्हणतो, "भावा, मी पहिल्या बाकावर बसतो, माझ्याकडं बघून बोल." त्याच्याकडं बघितलं की मला हसू येतं, ही वेगळीच पंचाईत.