तिसऱ्या सिलिंडरमधले तेल

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि दोनदा हात धुऊनही नखांच्या कडांतली काजळी गेलेली नाही. तरी आजची नोंद उद्यावर टाकवत नाही, कारण १९ दिवसांनी मामांच्या गाडीचे इंजिन आज हलले. हलले म्हणजे आधी फ्लायव्हीलवर, इंजिनाच्या मागच्या दातेरी जड चाकावर, मी खडूने ओढलेली रेघ अर्धा दात सरकली.

मामांनी ११ वर्षांपूर्वी ही गाडी ताडपत्रीखाली उभी केली, तेव्हा ती स्वतःच्या बळावर चालत त्या जागी आली होती. त्यामुळे चांगले चालणारे इंजिन नुसते उभे राहून जाम कसे झाले, हा प्रश्न ते मला आजही विचारतात. पहिल्या दिवशी माझ्याकडेही नीट उत्तर नव्हते. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहिले, पंख्याचा पट्टा काढला, स्टार्टर उतरवला. म्हणजे अडकलेला पाण्याचा पंप किंवा फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये रुतलेले स्टार्टरचे दात हे संशय मिटले. मग मी एक चूक केली, आणि ती इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या, बोल्टला पाना लावून त्यावर मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. एक मीटरच्या दांड्यावर ४० किलोचा भार म्हणजे जवळजवळ ४०० न्यूटन-मीटरचा पीळ होतो. बोल्ट कुरकुरला, इंजिन जागचे हलले नाही आणि मला घाम फुटला. बोल्टचे डोके त्या दिवशी तुटले असते, तर पुढचे सगळेच काम अडले असते.

त्या रात्री मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, आधी प्लग काढून आत बघ तरी. आत काय आहे ते न बघता जोर कुणावर लावतोस?"

दुसऱ्या दिवशी चारही प्लग काढले आणि भोकांतून बारीक कॅमेरा आत सोडला. दुसरा आणि चौथा सिलिंडर जवळजवळ स्वच्छ होता. पहिल्यात तांबूस डाग होते. तिसऱ्यात मात्र पिस्टनच्या वर, भिंतीला चिकटून, गंजाचा जाड खरबरीत पट्टा सगळीकडून फिरला होता. टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचे झाकण, उघडल्यावर कारण समोर आले. गाडी बंद झाली तेव्हा तिसरा पिस्टन धूर बाहेर ढकलत अर्ध्या वाटेवर थांबला होता आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. माझ्या इंजिनाचा ज्वलनक्रम, म्हणजे सिलिंडर एकामागून एक पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असा आहे. त्यामुळे त्याच क्षणी पहिला सिलिंडर हवा आत घेत होता आणि त्याचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा होता, तर दुसरा आणि चौथा बंद होते. सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून ११ वर्षे ओली हवा तिसऱ्यात ये-जा करत राहिली. पहिल्याला निदान एअर फिल्टरचा आणि कार्बोरेटरचा आडोसा होता. मामांनी गाडीची हेळसांड केली नव्हती. इंजिन ज्या कोनात थांबले, त्या कोनाने कोणता सिलिंडर गंजणार हे ठरवले होते. हे त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटते त्यांना बरे वाटले.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) यांच्यातली फट मुळातच मिलिमीटरच्या काही शतांश एवढी असते. तिथे गंज फुगला की पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि भिंत एकमेकांना पाचर मारल्यासारखी घट्ट धरतात. ही पकड ओढून सुटत नाही. तिच्यात तेल शिरावे लागते आणि तेल आपल्या गतीनेच शिरते. एसीटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात घेण्याचा उपाय अनेक जण सांगतात. तथापि ही दोन्ही धड मिसळत नाहीत, एसीटोन भराभर उडून जाते आणि त्याची वाफ उणे २० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. बंद शेडमध्ये ते वापरण्याचे धाडस मी केले नाही. त्याऐवजी गिअरचेच तेल डिझेलमध्ये मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५० मिलिलिटर ओतले.

त्यानंतरचे दिवस मोजण्याचे होते. बांबूची बारीक काडी प्लगच्या भोकातून पिस्टनच्या माथ्याला टेकवायची, बाहेर काढायची आणि ओली झालेली लांबी वहीत लिहायची, असा रोज संध्याकाळचा नेम झाला. दुसऱ्या आणि चौथ्यातले तेल एका रात्रीत रिंगांवरून खाली इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरले. पहिल्याला चार दिवस लागले. तिसऱ्यातली पातळी ११ दिवस तसूभरही ढळली नाही, कारण गंजाने तिथे बुचासारखी सगळी वाट बंद केली होती. मामांचा रोज रात्री एकच प्रश्न असे: "तिसऱ्यातलं उतरलं का रे?" आणि मला रोज नाही म्हणावे लागे.

या काळात इंजिन तापवण्याचा सल्लाही मला मिळाला आणि त्यावर मी बराच विचार केला. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे दोन्ही सारखेच तापले तर पिस्टन आणखी घट्ट बसेल. केवळ बाहेरची भिंत आधी तापली, तरच फायदा आहे. म्हणून रेडिएटरचा वरचा होज काढून, ब्लॉकभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत सुमारे ७० अंशांचे पाणी हळूहळू सोडले; उकळते पाणी थंड बिडावर ओतणे मला धोक्याचे वाटले. ८० मिलिमीटर व्यासाचा बोअर ५० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.०४ मिलिमीटर वाढतो. ऐकायला हे काहीच नाही, पण जिथे फटच तेवढी आहे तिथे ते पुष्कळ आहे. हे पाणी मी सलग तीन संध्याकाळी दिले. बाराव्या दिवशी काडीची ओली खूण चार मिलिमीटर खाली आली होती. मी काडी पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेवढीच. त्या रात्री फोन मीच आधी केला.

मग फिरवायचे कोणत्या दिशेला, हा प्रश्न आला. इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवले असते तर तिसरा पिस्टन वर जाऊन त्याच्या रिंगा थेट गंजाच्या पट्ट्यात घुसल्या असत्या. उलट फिरवले तर तो खाली, स्वच्छ भिंतीकडे जातो. परंतु पुलीचा बोल्ट उलट फिरवला तर तो स्वतःच सैल होतो. म्हणून स्टार्टरच्या रिकाम्या जागेतून फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांना टॉमी (लोखंडी दांडा) लावून रेटायचे ठरवले. पाइप या वेळी वापरला नाही. सकाळी दहा हलके रेटे, संध्याकाळी दहा, आणि मध्ये तेल. असे सात दिवस केले.

आज संध्याकाळी सहाव्या रेट्याला आवाज झाला. कोरडा, लहानसा "कट्". काही तुटल्याचा आवाजही अगदी असाच असतो, त्यामुळे मी टॉमी सोडून खाली वाकलो आणि विजेरीच्या उजेडात खडूची रेघ पाहिली. माझ्या फ्लायव्हीलला १२० दात आहेत, म्हणजे एक दात ३ अंशांचा. रेघ दीड अंश सरकली होती. मग परत आणले, पुन्हा रेटले, प्रत्येक वेळी थोडे पुढे. तासाभरात दात मोजता येईनासे झाले आणि हाताला तो जडपणा, आत सगळीकडून सारखे घासल्याचा, जाणवू लागला. मला तो फार आवडला.

साधारण १५० अंशांवर थांबलो. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एव्हाना बंद व्हायला हवा होता. पण त्याचा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा, मोकळा डुलत होता आणि रॉकर व व्हॉल्व्हची दांडी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली होती. व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे त्याची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, गंजून उघडाच अडकला आहे. आणखी फिरवले असते तर वर येणारा पिस्टन त्यावर आपटू शकला असता. सुदैवाने पिस्टन आत्ता बराच खाली आहे. दांडीवर तेल सोडले, थोडा वेळ थांबलो आणि लाकडी हातोडीने वरून हलकेच टकटक केली, म्हणजे व्हॉल्व्ह किंचित खाली दबून स्प्रिंगने परत वर यावा. चौथ्या ठोक्याला तो सुमारे दोन मिलिमीटर वर आला आणि थांबला.

आणखी ठोकले नाही. पुन्हा तेल सोडले, प्लगची भोके स्वच्छ कापडाने झाकली, दिवा मालवला. मामांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "आता व्हॉल्व्हचं विचारायचं रोज, होय ना?" मी होय म्हटले.