बोळक्या तोंडाचा क्रो-मॅन्यॉन: कामाची नोंद, जुलै ते सप्टेंबर

कवटीवर मातीचे थर चढवून मेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा उभा करण्याच्या कामाची ही नोंद. कवटी क्रो-मॅन्यॉन 1. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात ले-झेझी गावाजवळ 1868 साली रेल्वेचं काम चालू असताना सापडलेली, साधारण 28,000 वर्षांपूर्वीची. मूळ पॅरिसच्या म्युझी द लॉममध्ये आहे. तोंडात दात नाहीत म्हणून टोपणनाव पडलं ‘म्हातारा’. हाडांवरून वय मात्र पन्नाशीच्या आतलं. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात चाललेलं काम मूळ कवटीच्या कास्टच्या (साच्यातून काढलेल्या प्रतिकृतीच्या) स्कॅनवरून काढलेल्या थ्रीडी प्रिंटवर आहे.

निअँडरथल सोडून ही कवटी घेण्याचं कारण सरळ आहे. चेहऱ्याच्या कुठल्या जागी हाडावर किती मांस असतं, याचे सगळे तक्ते आजच्या माणसांवर मोजलेले आहेत. क्रो-मॅन्यॉन आपल्याच प्रजातीचा, त्यामुळे तक्ता लावताना निदान मन खात नाही.

प्रिंटबद्दल थोडक्यात. थ्रीडी मॉडेलच्या एसटीएल फाइलला एकक नसतं. मिलिमीटरच्या जागी इंच धरलं गेलं तर कवटी 25.4 पट होते आणि चूक लगेच कळते. न कळणारी चूक असते दोन-तीन टक्क्यांची: मधे कोणीतरी प्रिंटरच्या बेडवर (पाटावर) बसावं म्हणून मॉडेल किंचित लहान करून तसंच सेव्ह केलेलं असतं. 200 मिमी लांबीवर 3 टक्के म्हणजे 6 मिमी, आणि मांसाची जाडी दाखवायला हाडावर चिकटवतात ती खुंटी गालाच्या कमानीवर अख्खी 6 मिमीचीच असते. म्हणून कवटीची लांबी, रुंदी आणि दोन्ही कमानींमधलं अंतर छापील मापांशी कॅलिपरने ताडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

थर 0.2 मिमी, भिंती तीन, इन्फिल (आतली भरण) 12 टक्के, जबडा वेगळा. कवटी मागे 30 अंश कलवून प्रिंट केली, म्हणजे सपोर्टचे (प्रिंटला तात्पुरता आधार देणाऱ्या काड्यांचे) व्रण मागच्या बाजूला आणि तळाला पडतात. डोळ्यांच्या खोबणीच्या कडेवर पडले तर नेमकी मोजायची जागाच खरवडली जाते. जुलैत पीएलए, म्हणजे प्रिंटचं प्लास्टिक, हवेतला ओलावा खातो आणि प्रिंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. रीळ 50 अंशांवर 6 तास सुकवून सिलिका जेलच्या बंद डब्यातूनच प्रिंटरला दिली, तेव्हा थांबले.

आता मुख्य अडचण, दात.

माणूस जिवंत असताना दात पडला की खोबण हाडाने भरते आणि हिरडीखालची कड गोल, गुळगुळीत होते. मेल्यावर दात निखळला तर खोबण उघडी राहते, कडा धारदार राहतात. मूळ कवटी हातात असेल तर पाच मिनिटांचं काम. पण कास्ट करणारे अशा खोबण्या मेणाने किंवा मातीने बुजवतात, नाहीतर मोल्डचं रबर आत अडकून फाटतं. त्यामुळे स्कॅनमध्ये दिसणारा गुळगुळीतपणा हाडाचा की बुजवणाऱ्याच्या अंगठ्याचा, हे पृष्ठभागाच्या स्कॅनवरून ठरत नाही. आणि चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा सगळा यावरच उभा आहे. दात असतील तर ओठ पुढे, गाल भरलेले. नसतील तर जबडा जास्त मिटतो, हनुवटी वर आणि पुढे येते, ओठ आत वळतात, तोंडाचं बोळकं होतं. तोच माणूस वीस वर्षांनी जास्त म्हातारा दिसेल.

म्हणून एकाच कवटीवर दोन खालचे चेहरे करायचे ठरलं. ‘अ’ दातांचा, ‘ब’ बोळका. जबडा दोनदा प्रिंट केला.

‘अ’साठी दातांच्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये कवळीसाठी वापरतात ते गुलाबी मेण आणलं आणि वरखाली बाईट ब्लॉक (दात रोवायच्या मेणाच्या पट्ट्या) केले. दात बसवताना आपल्या सवयीचा चावा विसरायचा. आज वरचे पुढचे दात खालच्यांवर थोडे झाकण घालतात. शिकारी टोळ्यांच्या झिजलेल्या दातांत ते कडेवर कड टेकलेले आढळतात. तयार कवळीचे दात घेतले तर शिखरं घासून सपाट करावी लागतात. पुढच्या दातांची दिसणारी उंची 7 मिमीपर्यंत खाली आणली. जबड्याच्या सांध्यात कूर्चेसाठी 2 मिमी फोमचा तुकडा ठेवला, आणि वरखालच्या दातांत 2 मिमी फट. आरामात असलेल्या माणसाचे दात टेकलेले नसतात. ही फट सोडली नाही की चेहरा दात आवळून रागावल्यासारखा येतो आणि दोष भलतीकडेच, भुवयांत, शोधला जातो.

कवटी फ्रँकफर्ट पातळीवर बसवली: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, नाहीतर दोन पट्ट्या आणि पाण्याची लेव्हल पुरते.

खुंट्या खोडरबराच्या. काड्यापेटीच्या काड्या ओल्या मातीत फुगतात, म्हणून बाद. लांबी एकत्रित तक्त्याच्या सरासरीवरून: भुवयांमध्ये साडेपाच मिमी, नाकाच्या मुळाशी साडेसहा, नाकाच्या हाडाच्या टोकाशी 3, हनुवटीच्या पुढे 11, हनुवटीखाली 7. भारतीयांचे तक्तेही आहेत, पण 28,000 वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या माणसाला आजचा कुठलाच समाज ‘आपला’ नाही, आणि गटागटांतला फरक बऱ्याचदा मोजणीच्या चुकीपेक्षा लहान असतो. खुंटी हाडाला काटकोनात हवी. गालाच्या उतारावर ती कलते आणि दीड-दोन मिमी चोरते, म्हणून तिथे बाजूला छोटा गुण्या धरून चिकटवावी. सुपरग्लूचा थेंबही अर्धा मिमी वाढवतो. खुंटी चिकटवून झाल्यावर पुन्हा मोजायची आणि ब्लेडने छाटायची.

आणि हे विसरू नये: ओठांच्या आसपासच्या खुंट्या ‘अ’लाच चालतात. तक्त्यातली जाडी दात असलेल्या तोंडांवरची आहे. ‘ब’वर त्या काढून टाकल्या, ठेवल्या असत्या तर दातांशिवाय दातांचा चेहरा झाला असता.

माती पहिल्यांदा शाडू घेतली, कारण ऑगस्टमध्ये पेणची शाडू हाकेच्या अंतरावर मिळते आणि हातालाही सवयीची. चूक झाली. शाडू वाळताना आखडते, प्लास्टिकची कवटी आखडत नाही. गणपतीत ताण सुटायला आतून पोकळी असते. इथे आत पाणी न पिणारं, न हलणारं प्लास्टिक. पाणी फक्त बाहेरून जातं, वरचा थर आधी आक्रसतो, आणि भेग निघते ती खुंटीच्या मुळापासून. त्यात पंख्याकडचा गाल एका दिवसात पांढरा पडला, दुसरा तीन दिवस ओला. शाडूत कापूस मळून भेगा कमी झाल्या, पण खुंट्यांची टोकं मातीच्या वर आली. म्हणजे पृष्ठभाग मिमीभर आत गेला, आणि एवढ्यासाठीच तर सगळी मोजमापं होती.

मग तेलमाती आली, तेलात मळलेली, न वाळणारी. ती ओव्हनमध्ये 65 अंशांवर मऊ करून तशीच डाव्या गालाच्या कमानीवर लावली आणि कमान 2 मिमी आत बसली. पीएलए 60 च्या आसपास ढिला पडतो. कमान पातळ आणि खालून बिनआधाराची, त्यामुळे पहिली तीच जाते. कमानीचा तुकडा कापून पीईटीजीमध्ये (जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये) पुन्हा प्रिंट केला आणि पिन घालून बसवला. आता माती 45 अंशांवर मऊ करून, हातावर मळून, मगच लावायची.

स्नायूंचा क्रम नेहमीचा: कानशिलाचा टेम्पोरालिस, जबड्याचा मॅसेटर, गालाचा बक्सिनेटर, मग तोंडाभोवतीचं वर्तुळ. या कवटीत मॅसेटरची हाडावरची खूण ठळक आहे, त्यामुळे जबड्याचा कोन रुंद येतो. त्याला घाबरून बारीक करू नये.

डोळ्यासाठी 25 मिमीचे ॲक्रिलिक गोळे. जुना नियम असा की खोबणीच्या वरच्या आणि खालच्या कडेला पट्टी टेकवली की बुबुळ पट्टीला टेकायला हवं. त्याने डोळा सुमारे 4 मिमी खोल जातो आणि सगळे आदिमानव आजारी दिसतात. बाहेरच्या कडेच्या सगळ्यात आतल्या बिंदूपासून 16 मिमी पुढे काढला. गोळा खोबणीच्या बरोबर मध्ये नसतो. किंचित वर आणि बाहेरच्या बाजूला असतो. बाहेरचा कोपरा कपाळ-गालाच्या हाडांच्या सांध्याखाली 10 मिमीवर, तिथे हाडावर बारीक उंचवटा बोटाला लागतो. या कवटीच्या खोबण्या बुटक्या आणि चौकोनी आहेत, त्यामुळे वरची पापणी जड होते. ती हाडाची मागणी आहे, शिल्पकाराची हौस नाही.

नाकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हाडातल्या भोकाची रुंदी एकूण नाकाच्या तीन-पंचमांश धरायची: भोक 24 मिमी असेल तर नाकपुड्यांसकट 40. टोकासाठी कवटीवरून चेहरे घडवणाऱ्या रशियन गेरासिमोव्हच्या दोन स्पर्शरेषा, एक नाकाच्या हाडाच्या शेवटच्या भागावरून, दुसरी भोकाखालच्या हाडाच्या काट्यावरून. छेदतात तिथे टोक. काट्याची लांबी गुणिले तीन हा नियम पुन्हा पुन्हा वर येतो, पण चाचण्यांत तो वाईट ठरलेला आहे.

ओठांवर मात्र आठवडा गेला. ओठाच्या लाल भागाची उंची दाताच्या उंचीवरून काढतात. युरोपीय लोकांसाठी वरचा ओठ 0.4 अधिक 0.6 गुणिले दाताची उंची. भारतीय उपखंडासाठी 3.4 अधिक 0.4 गुणिले उंची. दात 10 मिमी असेल तर 6.4 आणि 7.4, फरक एका मिमीचा. पण झिजलेला 7 मिमीचा दात घातला तर 4.6 आणि 6.2. म्हणजे मांसातली आणि कातड्यातली वाळू चावून दात झिजले, आणि सूत्र म्हणतं ओठ पातळ झाले! सूत्र न झिजलेल्या दातांवर बांधलेलं आहे. म्हणून ‘अ’मध्ये बसवले झिजलेले दात, पण सूत्रात घातली मूळ उंची, 10. नंतर वयासाठी ओठ किंचित उतरवला. किती, ते डोळ्यानेच, आणि नोंदीत ‘अंदाज’ असा शिक्का मारून. तोंडाची रुंदी सुळ्यांमधल्या अंतराला 0.75 ने भागून.

‘ब’मध्ये सूत्रच नाही. जबडा हिरड्या जवळजवळ टेकतील इतका वळवला, सांध्यावर, नुसता वर सरकवून नाही. नुसता सरकवला तर हनुवटी पुढे यायचीच राहते. नाकाच्या टोकापासून हनुवटीखालपर्यंतचं अंतर ‘अ’पेक्षा 11 मिमीने कमी भरलं. आजीचा कवळी काढल्यानंतरचा चेहरा कोणाच्याही डोळ्यांसमोर असतो. इथे संदर्भ म्हणून तोच सगळ्यात उपयोगी पडला: ओठांपासून फाकणाऱ्या उभ्या सुरकुत्या, तोंडाचे कोपरे खाली, गाल आत.

कपाळावरचा खड्डा राहिला. हाडावरच्या खड्ड्यांना बुरशीपासून पाण्यापर्यंत कारणं दिली गेली आहेत. 2018 साली ‘द लॅन्सेट’मध्ये न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1 (मज्जातंतूंवर गाठी आणणारा जनुकीय आजार) असं निदान मांडलं गेलं, आणि कपाळावर मोठी गाठ असलेला चेहराही दाखवला गेला. निदान पटण्यासारखं असलं तरी गाठीचा आकार हाड सांगत नाही, फक्त तिचा पाया सांगतं. म्हणून गाठ वेगळी केली: मातीत 10 बाय 2 मिमीचं चुंबक पुरलं, गाठीच्या तळाला दुसरं. काढता येते, लावता येते. चुंबकाची ध्रुवं आधी मार्करने खुणा करून ठेवावीत. मातीत उलटं पुरलं तर पूर्ण कपाळ उकरावं लागतं. उकरावं लागलं.

रंग देणार नाही. इंग्लंडमध्ये सापडलेल्या, केवळ 10,000 वर्षांपूर्वीच्या चेडर मॅनच्या डीएनएमधून सावळी ते काळी त्वचा आणि फिकट डोळे निघाले, मग त्याच्याहून कितीतरी जुन्या या माणसाला गुलाबी करण्याचं समर्थन कुठून आणायचं? माती एका राखाडी रंगातच राहील. डोळ्यांची आखणीही नाही, बुबुळाचं 12 मिमीचं वर्तुळ नुसतं कोरलेलं.

बाकी काम: कान (हाडावरून जवळजवळ काहीच कळत नाही, म्हणून लहान आणि साधे), मान, आणि दोन्ही चेहऱ्यांचे एकाच प्रकाशात फोटो. कॅमेरा किमान दीड मीटर लांब. जवळून काढला की नाक फुगतं आणि तीन महिन्यांची मोजणी लेन्समध्ये वाया जाते. ‘अ’चा मोल्ड ‘ब’ची माती चढवण्याआधी घेतला आहे. सिलिकॉन अजून कडेला चिकट आहे, बहुधा तेलमातीत गंधक असावं, त्याने ते घट्ट होत नाही. पुढच्या वेळी आधी मातीवर शेलॅकचे (लाखेच्या वार्निशचे) दोन हात.