तुम्ही विचारलंत म्हणून: रोज एक फोटो काढून करतेस काय?

ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलं की कुणीतरी विचारतंच, अगं ते रोज एक फोटो काढायचं खूळ अजून चालू आहे का, आणि त्याला जोडून लगेच, पण त्याचं करतेस काय? दर वेळी मी "काही नाही, असंच" म्हणून वेळ मारून नेते. आता एकदाच नीट सांगते.

भांडणं मिटवते.

खरंच. आमच्याकडे बाबांच्या काळातले दोन अल्बम आहेत, काळ्या पानांचे, फोटोच्या चार टोकांना ते छोटे कागदी कोपरे लावलेले. कॅमेरा अग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये १२ फोटो, आणि तो रोल बाबा इतका पुरवून पुरवून वापरायचे की एकाच रोलमध्ये गणपती, माझं बारसं आणि महाबळेश्वर. एका फोटोच्या मागे पेनाने लिहिलंय, "महाबळेश्वर, मे." कुठला मे? आई म्हणते ८३, आत्या म्हणते शक्यच नाही, ८५, कारण तिच्या अंगावर लग्नातली साडी आहे. हा वाद वीसेक वर्षं चालू आहे. बाबा असते तर एका वाक्यात संपला असता, आता नाही संपायचा.

तर मला फोटो नको असतात हो, तारखा हव्या असतात. फोटो ही नुसती खुंटी, तारीख अडकवायला.

पहिला प्रयत्न २०२४ च्या पाडव्याला केला, ९ एप्रिलला, आणि साफ फसला. दिवसभर दिसेल ते काढायचं, सूर्यास्त, मांजर, चहा, तीस-चाळीस फोटो, मग रात्री झोप आलेली असताना त्यातला एक निवडत बसायचं. अकराव्या दिवशी सोडून दिलं. मग २०२५ ला नियम केला, पाडवा ३० मार्चचा, शाळा १६ जूनला, मधले ७८ दिवस, दिवसाला एकच क्लिक. हलला तर हललेला, अंधारा आला तर अंधारा, दुसरा काढायचा नाही. ओढणीने लेन्स पुसायची एवढीच काय ती तयारी. (फोनची लेन्स पुसा, खरंच सांगते, निम्मे फोटो तिथेच सुधारतात.)

ही आयडिया काही माझी नाही. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टनने ३१ मार्च १९७९ ला रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे मरेपर्यंत, काढत राहिला. साडेअठरा वर्षं! आणि पोलरॉइडचा प्रत्येक फोटो म्हणजे रोकडे पैसे. मला ७८ दिवस फुकटात जमत नव्हते.

एप्रिल सगळा घरातच गेला. माठ, कूलर, गेटजवळचा बहावा, गच्चीवर कुरडया, परत माठ. बघायला काही नाही त्यात. पण २७ एप्रिलच्या फोटोत नवरा हाफ पँटवर खराटा घेऊन पाण्याच्या टाकीत उतरताना दिसतो, आणि त्याचं म्हणणं होतं की आपण टाकी "आत्ता मेच्या शेवटी" धुतली, मग परत कशाला धुवायची. मी काही बोलले नाही, फोन पुढे केला. तेव्हापासून मी फोन उचलला की तो जागेवरून हलतो.

१३ मेचा मात्र मला स्वतःलाच आवडतो. त्या सुमाराला पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, तेही घड्याळात बारा वाजता नाही, साडेबाराला, कारण आपलं घड्याळ पार मिर्झापूरच्या बाजूच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. मी गच्चीवर कुरडयांच्या प्लास्टिकशेजारी स्टीलचा पेला उलटा ठेवला आणि पाय भाजत उभी राहिले. सावलीच नाही! फोटोत पेला कापून चिकटवल्यासारखा दिसतो. लेक म्हणाली, आई, हे एडिट केलंयस.

प्रवासात एका क्लिकचा नियम फार छळतो. १७ मेला स्वारगेटहून एसटी पकडून कुडाळकडे आजोळी निघालो (अर्धं तिकीट, बायकांना ती एक बरी सोय झालीय २०२३ पासून) आणि सकाळी सकाळी फोंडा घाटातल्या धुक्यात मी क्लिक घालवून बसले. धुकं कसलं, काचेवर आतल्या लोकांच्या श्वासाची वाफ होती ती. पुढे उतरल्यावर एक म्हातारे आजोबा टोपीत करवंदं घेऊन उभे, काय चेहरा होता, आणि माझा कोटा संपलेला. नुसतं बघत बसले. करवंदं घेतली.

मग शहाणपण आलं म्हणून २१ मेला मालवणात सकाळपासून फोन बाहेरच काढला नाही, सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी राखून ठेवला. जेटीवर पोचतो तर समुद्र खवळलेला, होड्या बंद. त्या दिवशीचा फोटो म्हणजे लांबवर करडी रेघ, तोच किल्ला, आणि समोर कुणाच्या तरी छत्रीची दांडी.

कारण तो मे तुम्हाला आठवत असेलच. नसेल तर तेच तर म्हणतेय मी! मामीने आमसुलांना पुटं देऊन देऊन अंगणात वाळत घातलेली, फणसाची साठं ताटांमध्ये पसरलेली, आणि आभाळ दिवसातून तीनदा भरून यायचं. २४ तारखेचा फोटो हललाय कारण मी एका हाताने सुपली ओढत होते. त्यात मामीची पाठ, अर्धं सूप आणि पावसाच्या तिरक्या रेघा आहेत. मामी ओरडत होती, "मिरगाक अजून पंधरा दिस आसत, आणि ह्यो खंयसून इलो?" दुसऱ्या दिवशी मान्सून तळकोकणात दाखल झाल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं, २६ ला तो मुंबईत, जिथे तो एरवी ११ जूनच्या आसपास येतो. साठं काळी पडली. आमसुलं कशीबशी चुलीवरच्या माळ्यावर टाकून वाचवली, त्यांना अजून धुराचा वास येतो आणि आमटीत तो चांगला लागतो, हे मामीला सांगितलेलं नाही.

तर ऑगस्टमध्ये ऑफिसात एक जण ठामपणे सांगत होता, यंदा पाऊस नेहमीसारखा सात जूनला आला. मी फोन काढला.

एक मात्र सांभाळा. मामेभावाने त्याच अंगणाचे दहा सुरेख फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले, पण ते गॅलरीत लागले १२ जूनला, कारण पाठवताना मूळ तारीख गळून जाते आणि ज्या दिवशी आले ती चिकटते. म्हणजे पुन्हा "महाबळेश्वर, मे". त्यामुळे मी माझे फोटो आठवड्यातून एकदा लॅपटॉपवर टाकते आणि फाइलच्या नावातच तारीख लिहिते.

७८ दिवसांत फोटो मात्र ७७ आहेत. २ जूनचा नाही. सोमवार होता एवढं कॅलेंडर सांगतं. आई म्हणते आपण त्या दिवशी दळण आणायला गेलो होतो आणि पावसात अडकलो. नवरा म्हणतो लाइट गेले होते, फोन चार्ज नव्हता. लेक म्हणते, तुम्ही दोघं भांडला होतात आणि तू फोन कपाटात टाकलास. कशावरून भांडलो, विचारलं तर म्हणते, टाकीवरून.