याकोबचा तक्ता: देशवार रकाने गेले, शेवटचं व्यंजन आलं

याकोब या नावाची वेगवेगळ्या भाषांतली रूपं मी एका तक्त्यात गोळा करतोय; त्याची मांडणी या वेळी मुळापासून बदलली. देशवार रकाने काढून टाकले आणि मूळ नावातल्या शेवटच्या व्यंजनाचं पुढे काय झालं, त्यावरून नवे केले. हे नाव कुठल्या वाटेने फिरलं, हे ते एक व्यंजन जितकं स्पष्ट सांगतं तितकं नकाशा सांगत नाही, असं माझं ठाम मत झालंय. आपल्या वर्णमालेत प, ब, म एकाच ओळीत बसतात. तीच ओळ इथे कामाला आली.

मूळ हिब्रू नाव याअकोव. मधला ‘अयिन’ हा कंठातला आवाज ग्रीकमध्ये नव्हताच, त्यामुळे तो गळाला. बायबलच्या ग्रीक जुन्या करारात कुलपित्याचं, म्हणजे इस्राएली लोकांच्या पूर्वजाचं, नाव बिनप्रत्ययाचं ‘इयाकोब’ असं ठेवलंय, तर नव्या करारातल्या प्रेषितांना, म्हणजे येशूच्या शिष्यांना, प्रत्यय लावून ‘इयाकोबोस’ केलंय. म्हणजे फाटा तिथेच फुटला. पुढे इटालियनमध्ये कुलपिता जाकोब्बे आणि प्रेषित जाकोमो. 1611च्या इंग्रजी बायबलात एक जेकब आणि दुसरा जेम्स. मराठी बायबलात मात्र दोघेही याकोबच. त्यामुळे याकोब आणि जेम्स एकच, हे आपल्याकडे चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘ब’चा रकाना सर्वांत सोपा आहे: जर्मन याकोब, पोलिश आणि चेक याकुब, अरबी याअकूब आणि त्यावरून आपल्या ओळखीचा याकूब. तुर्की याकुप ‘प’त टाकावा लागला, पण अर्ध्या मनाने. कारण ‘याकुपचा’ म्हणायचं तर लिहितात ‘याकुपुन’, पण वाचतात ‘याकुबुन’. स्वर पुढे आला की ब परत येतो.

‘व’मध्ये रशियन याकोव. तो हिब्रूतल्या व-शी जुळतो म्हणून थेट तिकडूनच आला असेल असं वाटतं, पण तसं नाही. मध्ययुगात येईपर्यंत ग्रीक ‘बीटा’चा उच्चारच ‘व’ होऊ लागला होता आणि रशियाला हे नाव त्या ग्रीककडून मिळालं. पोलंडला ते लॅटिनकडून मिळालं, म्हणून तिथे ब टिकला. शेजारशेजारच्या दोन स्लाव्ह भाषा, पण धर्मग्रंथ कुठल्या भाषेतून आला यावर एका अक्षराचा फरक पडला.

माझा लाडका रकाना ‘म’चा. लॅटिन इयाकोबुसचं उत्तरकाळात इयाकोमुस झालं. ब आणि म दोन्ही ओठ मिटूनच निघतात, एवढंच निमित्त. इटालियन जाकोमो, कॅटलान झाउमे, स्पॅनिश हाइमे आणि जुन्या फ्रेंचमधून आलेला इंग्रजी जेम्स हे सगळे इथले. जेम्सवरून आयरिश शेमस आणि स्कॉटिश गेलिकमधलाही शेमस. आता गेलिकमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं व्यंजन मऊ पडतं, श-चा ह होतो आणि शेवटचा स-ही श होतो. शेमसला हाक मारली की ऐकू येतं ‘अ हेमिश’. इंग्रजी कानांनी ती हाकच नाव म्हणून उचलली: हेमिश. याअकोव आणि हेमिश शेजारी ठेवून बघा, एकही व्यंजन सारखं नाही! तरी धागा कुठेच तुटलेला नाही.

लॅटिनमधला ब इंग्रजीत पुस्तकी शब्दांतून डोकावत राहतो. 1688मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सचं सिंहासन गेलं, त्याच्या समर्थकांना ‘जेकबाइट’ म्हणतात. राजा म-वाला, अनुयायी ब-वाले.

पाचव्या रकान्यात ते व्यंजनच गळालेलं आहे. फ्रेंच झाक तिथे जातो. स्पॅनिश यागोही: संत यागो म्हणून सांतियागो, आणि तेच नाव ‘सान तियागो’ असं तोडल्यावर पोर्तुगीज तियागो. चिलीच्या राजधानीला 1541मध्ये हेच नाव मिळालं. दिएगो मात्र पेन्सिलीने लिहिलाय. तोही याच तोडफोडीतून आला असं सर्रास सांगतात, पण जुन्या लॅटिन कागदांत दिएगोला दिदाकुस म्हटलंय आणि अभ्यासकांत त्यावर वाद आहे. कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो ज्या संताच्या नावाचं, त्याचंही लॅटिन नाव दिदाकुसच. शाई वापरायची घाई करणार नाही.

आर्मेनियन हाकोब दोनदा नोंदवला, ‘ब’त आणि ‘प’त. जुन्या लेखनात सुरुवातीला य-चंच अक्षर आहे, उच्चार मात्र ह. पश्चिम आर्मेनियनमध्ये क-चा ग आणि ब-चा प होऊन तोच हागोप झाला.

जॅक तक्त्यात नाही, कुणी सुचवू नका. दिसतो झाकसारखा, पण तो जॉनचा.

पुढचं काम लाडाच्या नावांचं: डच याप आणि कोस, यिडिश यांकेल, फिनिश याक्को, डॅनिश इब, मल्याळम चाक्को. चाक्कोत सुरुवातीच्या य-चा च झालाय आणि शेवटचा ब गेलाय, म्हणून त्याची सुरुवात पाचव्या रकान्यापासून करतोय.