आधी नंबर सेव्ह करा, मग गाणं: नागपुरात बँड चालवतानाचा माझा अनुभव

पहिल्या शोला अकरा लोक होते. त्यातले चार आमच्या घरचे, दोन ड्रमरच्या ऑफिसातले, एक माझा चुलत भाऊ ज्याला पेट्रोलचे पैसे कबूल करून बोलावलं होतं, आणि उरलेले चौघं तिथे पिझ्झा खायला आलेले. त्यातल्या एका काकांनी तिसऱ्या गाण्यानंतर वेटरला विचारलं, हे किती वाजेपर्यंत आहे. दोन गाण्यांच्या मधे मी गिटार ट्यून करत होतो, स्पष्ट ऐकू आलं.

आता तीन वर्षं झाली. लय मोठे झालो असं काही नाही, पण शो ठेवला की साठ-सत्तर लोक स्वतःच्या पायाने येतात, तिकीट काढून येतात, आणि त्यातले निम्मे आमच्या ओळखीचे नसतात. हे कसं झालं ते बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितो. बँडचं नाव टाकत नाही, जाहिरात वाटेल.

प्रॅक्टिस ड्रमरच्या घरी, मानेवाड्याकडे, गच्चीवरच्या खोलीत. वर टिन. मे महिन्यात 45 डिग्री आणि कूलर चालू ठेवला की माईकमधे नुसतं घुंघुं, बंद केला की दोन गाण्यात बेसवाल्याच्या बोटातून घाम टपकायचा. शेवटी ठरलं, गाणं चालू असताना कूलर बंद, गाणं संपलं की चालू. आमची गाणी चार मिनिटांच्या वर का जात नाहीत त्याचं खरं कारण हे आहे, त्यात कलाबिला काही नाही. (गिटारच्या अँपची, म्हणजे अँप्लिफायरची घूं वेगळी, ती करंटची. लाइन 50 हर्ट्झची असते म्हणून ती घूं साधारण G सुराच्या जवळ येते. आमची तीन गाणी त्याच G मधे आहेत. समजून घ्या.) शेजारच्या काकूंनी एकदा खालून आवाज दिला, वाटलं आता भांडण होते, तर म्हणतात, "काऊन रे, पुढचं कडवं येत नाही का तुमाले? आठ दिवसापासून तेच चालू आहे." तेव्हापासून वेळ ठरली, संध्याकाळी पाच ते सात, आणि परीक्षेच्या दिवसात काकूंच्या नातवासाठी सुट्टी.

सुरुवातीचं एक वर्ष आम्ही वाया घालवलं, सरळ सांगतो. धरमपेठ, सदर, रामदासपेठ, जो कॅफे म्हणेल तिथे कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवायचो. पैसे म्हणजे जेवण. एका ठिकाणी तर ऐन वेळी मालक म्हणाला मॅच आहे, स्क्रीन चालू राहील, तुम्ही हळू वाजवा. ते पण केलं बे आम्ही. वर्षभरात पंचवीसेक शो झाले आणि आमचं नाव कोणालाच माहीत नाही, कारण लोक त्या कॅफेत आले होते, आमच्याकडे नाही. कव्हर वाजवणारा बँड म्हणजे भाड्याचा स्पीकर. कडू वाटेल, पण आम्ही होतो म्हणून बोलतो.

मग रीलचं भूत. एका रीलला चाळीस हजार व्ह्यूज आले, आम्ही उडालोच, पुढच्या शोला खुर्च्या वाढवून सांगितल्या आणि आले एकोणीस. नंतर इनसाइट्समधे, म्हणजे रील कुठून पाहिली त्या आकड्यांमधे पाहिलं तर बघणारे इंदूर, लखनऊ, दिल्ली. नागपूरचे मोजून थोडे. इंदूरवाला काय मंगळवारी शंकरनगरला येणार आहे का.

फरक पडला तो एका शंभर पानी वहीने. गायिकेची आयडिया. शो संपला की वही टेबलवर ठेवायची, नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर लिहा, पुढच्या शोचा मेसेज येईल, बाकी काही पाठवणार नाही. चार-पाच शोमधे 130 नंबर झाले, मी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट टाकला, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम, आणि कोणी आलंच नाही. एकाला फोन लावला तर तो म्हणे मला मेसेजच नाही आला भाऊ. मग कळलं की ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे. एका लिस्टमधे 256 जण बसतात ते मला माहीत होतं, हे माहीत नव्हतं. म्हणजे तीन महिने मी भिंतीशी बोलून राहिलो होतो.

आता दुसऱ्या गाण्यानंतर आम्ही थांबतो. गायिका म्हणते, मोबाइल काढा, नंबर सेव्ह करा, झाल्याशिवाय पुढचं गाणं नाही. लोक हसतात पण करतात. वही तरीही ठेवतो, अक्षराची गंमत असते, 1 आणि 7 मधे नेहमी घोळ. असाच एक चुकीचा नंबर वर्ध्याच्या एका आजोबांचा निघाला. त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले राहू द्या, मी पण सेव्ह करतो.

दुसरी गोष्ट, एकच जागा आणि एकच दिवस. महिन्याचा दुसरा शनिवार, एका ओळखीच्यांची गच्ची, शंभर रुपये, सगळी आपली गाणी. दिवस पक्का झाला की लोकच दुसऱ्यांना घेऊन येतात. पण तारीख ठेवताना नागपूरचं कॅलेंडर बघावं लागते. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेट मॅच असेल तर विसरा. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्चे, बंद रस्ते, आणि पोलीस स्टेशनात तुमच्या स्पीकरच्या परवानगीकडे बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून तो अर्ज आम्ही नोव्हेंबरमधेच टाकतो. उन्हाळ्यात गच्चीचा शो नकोच. रात्री आठपर्यंत फरशी तापलेली, लोक घरातून निघतात साडेआठला, आणि उघड्यावर लाउडस्पीकर दहाला बंद म्हणजे बंद. 2000 सालचा नियम आहे, त्यात आमचं काही चालत नाही. एकदा दहा वाजून सात मिनिटांनी गाडी आली होती खाली, शेवटचं गाणं लोकांनीच टाळ्यांवर पूर्ण केलं, माईक नाही काही नाही. ते ऐकायला आम्हीच गप उभे होतो.

अजून एक. कामठी रोडकडून येणारी चार-पाच पोरं दर वेळी शेवटच्या गाण्याआधी उठायची. आम्हाला वाटायचं आवडत नसेल. विचारलं तर मेट्रो चुकते म्हणे. मग सगळ्यात चांगलं गाणं शेवटी ठेवायचा आमचा हट्ट सोडला, ते आता सव्वानऊला होते.

टीशर्ट छापू नका एवढं सांगतो. आमचे चाळीस उरले, सगळे स्मॉल.

या शनिवारचा मेसेज काल टाकला. पाच मिनिटांत पहिला रिप्लाय वर्ध्याहून. "शुभेच्छा. आवाज कमी ठेवा, थंडी वाढली आहे."