इटली वाचवलं, नॉर्मंडी गेलं
सोलापुरात बाईंडिंगचं काम करतो. शाळेची रजिस्टरं, वकिलांची पुस्तकं, लायब्ररीचे गठ्ठे, हेच रोजचं. या पावसात एका लायब्ररीतनं दुसऱ्या महायुद्धाच्या सचित्र इतिहासाचे जाडजूड खंड आले, छत गळून पार भिजलेले, आणि वर यांनी ते उन्हात वाळवून मग आणले! सांगून सांगून तोंड दुखलं, साधा कागद वाळतो हो, पण आर्ट पेपरवर चिनी मातीचा थर असतो, फोटो झळकतात ते त्याच्यामुळंच, तो भिजला की चिकट होतो आणि तसाच वाळला की पुस्तकाची वीट. ओलं असताना आणलं असतं तर पानापानात बटर पेपर घालून सगळं सोडवलं असतं.

शिलाई उसवली, एकेक जूज, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगा, गार पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला. पान ओढायचं नाही, कोपऱ्यातनं बांबूची पातळ पट्टी हळूहळू सरकवायची, बाकीचं पाणी करतं, धीर पाहिजे. पर्ल हार्बरचं पान सुटलं, अल अलामेन सुटलं, स्टालिनग्राडला तर एक ओरखडा नाही. जून १९४४ ला येऊन अडलं. समोरासमोरची पानं, डावीकडं इटलीत आपले सैनिक, उजवीकडं ६ जूनचं नॉर्मंडीचं लँडिंग, म्हणजे डी-डे, दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या तो दिवस, आणि दोन्ही एकजीव झालेली. अशा वेळी पट्टी एका पानाच्या अंगात घालावी लागते, त्याचा थर सोलून दुसऱ्यावर येतो, तो मग ओल्या कापसानं टिपून काढायचा. म्हणजे एक वाचतं, एक जातं.

मी इटली वाचवलं. नॉर्मंडीचे फोटो कुठंही मिळतात. इटलीत आपल्या तीन डिव्हिजन लढल्या, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथंच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात आपल्याकडची २५ लाख माणसं फौजेत होती आणि असल्या खंडांत त्यांचे फोटो शोधावे लागतात. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या जखमींवर उपचार करत १९४२ ला तिथंच वारले, त्यांचं नाव सूचीतही नाही.

लायब्ररीच्या मॅडमनी पान बघितलं. "काका, पोरं डी-डेच मागतात, परीक्षेला येतं."

"मोबाईलवर बघतील की."

"पुस्तक लायब्ररीचं आहे ना पण? मला विचारायचं तरी."

फोन करायला वेळ नव्हता, पान पाण्यात होतं. पण पुस्तक त्यांचं, हेही खरंच आहे, आणि तेच डोक्यातनं जात नाही. कुठलं पान ठेवायचं हे बाईंडरनं ठरवायचं का?

नॉर्मंडीची मागची बाजू शाबूत होती, पातळ टिश्यूवर चढवून परत शिवली. कागदाच्या दुरुस्तीतल्या कोणाला अशा जोडीतली दोन्ही पानं सोडवता आली असतील तर कशी ते सांगा, लवकर सांगा. पुढचा खंड अजून तसाच पडलाय, त्यात ब्रह्मदेशाची आघाडी आहे.